साडेआठचा वेग

हे जगच्चालका, श्वास तू देतोस आणि श्वासाला मापही तूच देतोस. सूर्याला तू घाई दिली नाहीस, नदीला आळस दिला नाहीस. ज्याला जी गती शोभेल ती त्याच्या पायी बांधलीस. मुंगीची चाल तुला उणी नाही, गरुडाची झेप तुला अधिक नाही. त्या तुझ्या चरणी मस्तक ठेवून, दयाघना, तुझ्याच एका धावत्या लेकीची ही कथा.

ही लेक शिवणकाम करणारी. दोन जावांत मोठी, म्हणून सगळ्यांची थोरली. रस्त्याकडेच्या खोलीत लांब टेबलाशी उभी राहून ती कापड बेतायची, आणि खिडकीपाशी मशीनवर बसून धाकटी ते शिवायची. थोरली म्हणजे मूर्तिमंत लगबग. गिऱ्हाईक बाहीची लांबी सांगेपर्यंत हिची खडूची रेघ ओढून झालेली असायची. जेवायला पहिली, उठायला पहिली, भांडणात पहिली आणि माया करण्यातही पहिलीच. पन्नाशी जवळ आल्यावर तिला धावण्याचा नाद लागला, तेव्हा नवरा म्हणाला, "आता रस्त्यावर वेगळं काय धावणार? घरात दिवसभर तेच तर करतेस!"

धाकटी मोठ्या दुखण्यातून उठलेली. दुखणे गेले, पण घराने तिला काचेच्या भांड्यासारखे जपणे काही सोडले नाही. बादली उचलू नको, जिना चढू नको, वाऱ्यात बसू नको. एके दिवशी ती थोरलीला म्हणाली, "ताई, मला तुमच्यासारखं एकवीस किलोमीटर धावायचंय. एकदा शर्यतीच्या शेवटच्या कमानीखालून पार झाले ना, की हे जपणं बंद होईल."

थोरलीला कोण आनंद झाला! आणि त्या आनंदातच घात झाला. गेल्या वर्षीच्या शर्यतीत तिने धाकटीला सोबत घेतले आणि स्वतःच्या वेगाने ओढत नेले. "चल गं, पाय उचल, अजून मागेच का?" सोळाव्या किलोमीटरला धाकटी रस्त्याच्या कडेला बसली ती बसलीच. मागून येणाऱ्या गाडीने तिला उचलून आणले. घरचे जपणे दुपटीने वाढले. आणि त्या शिवणाच्या खोलीत, जिथे मशीनच्या आवाजावर दोघींचे हसणे ऐकू यायचे, तिथे "कात्री द्या", "दोरा संपला" एवढेच शब्द उरले. सज्जनहो, मौन फार जड असते. थोरलीने ते वर्षभर वाहिले.

मग एका दुपारी काज करता करता, मान वर न करता धाकटी म्हणाली, "पुन्हा नाव घालतेय. धावायचं तर तुमच्या सोबत. पण तुमच्या मागे नाही."

एवढे ऐकून थोरलीला जणू नवा जन्म मिळाला. यंदा आपली धाव बाजूला. यंदा हिला कमानीपार न्यायचे. ती हवा भरून उभी केलेली कमान तीन तासांनी मिटते, त्याआधी न्यायचे. पण वेग ही गोष्ट मोठी उफराटी असते. पेस म्हणजे एका किलोमीटरला लागणारी मिनिटे. आकडा जितका लहान तितकी धाव जलद. थोरलीला आजवर लहान आकड्याचाच सोस. मोठा आकडा धरून, हात-पाय आवरून, कुणाच्या तरी श्वासाच्या तालावर धावायचे, हे तिला नवीनच होते. ती रोज पहाटे धाकटीच्या डाव्या हाताला राहून पळू लागली. धाकटीला सलग दोन वाक्ये बोलता आली की वेग बरोबर; एका शब्दावर अडली की थोरलीने पाऊल आखडायचे, असा नेम ठरला. सुरुवातीला बोलायला काही नसायचे. मग गिऱ्हाइकांच्या नकला सुरू झाल्या. हळूहळू हसूही परत येऊ लागले.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी थोरलीने नवऱ्याचे कॅल्क्युलेटर घेतले. तीन तासांची मिनिटे केली, त्यांना शर्यतीच्या नेमक्या अंतराने, एकवीस पूर्णांक एकने, भागले. पडद्यावर आले ८.५३. "आठ मिनिटं त्रेपन्न सेकंद," ती पुटपुटली आणि निश्चिंत झाली. जन्मभर टेपवर सव्वा, साडे आणि पावणे वाचणारी ती बाई; तिच्या बोटांना विचारले असते तर साडेआठ कुठे आणि पावणेनऊ कुठे ते बोटांनी सांगितले असते. पण पडद्यावरचा आकडा पाहून ती बोटांना विचारायलाच विसरली.

सकाळी दोघी निघाल्या. पहिल्या पुलावर झुंडी पुढे गेल्या, मुले गेली, म्हातारे गेले. थोरलीचे पाय वळवळत होते, पण तिने मन आवरले. घड्याळ आठ त्रेपन्न दाखवी, की ती खूश. कारखान्याची लांब भिंत सरली, बाग आली, धाकटीचा श्वास शांत होता. दहाव्या किलोमीटरला पाण्याच्या टेबलापाशी थोरली अभिमानाने म्हणाली, "बघ, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. कॅल्क्युलेटरवर आलं तेच, आठ पॉइंट त्रेपन्न!"

धाकटीने पेला खाली ठेवला. "म्हणजे साडेआठच्या जरासं वर."

"साडेआठ कुठलं? पावणेनऊच्याही वर. आठ मिनिटं, त्रेपन्न सेकंद."

"ताई, पॉइंट पाच म्हणजे अर्धं ना हो? ते त्रेपन्न शंभरातले. मिनिटात सेकंद साठ."

थोरलीच्या तोंडचे पाणी पळाले. साडेआठ! एक किलोमीटरमागे वीस-एकवीस सेकंद तिने उधळले होते. असेच पळत राहिले तर कमान मिटल्यावर सात मिनिटांनी पोचणार. गेल्या वर्षी घाईने बुडवले, यंदा सावकाशीने. पहिला विचार आला तो जुनाच: काही बोलू नये, हळूच वेग वाढवावा, हिला ओढत न्यावे. पण देवाने त्या क्षणी तिची जीभ सरळ ठेवली.

"चुकलं गं माझं. उशीर झालाय. आता किलोमीटरमागे चाळीस सेकंद काढायला हवेत. मी तुला ओढणार नाही. तू सांग, काय करायचं?"

धाकटी खळखळून हसली. "माझ्यात दम आहे, ताई. तुम्ही इतकं हळू आणलंत, की मी अजून थकलेच नाही! चला. आता ताल मी धरते."

आणि ती निघाली. अहाहा, काय ते निघणे! कुणाचा धाक नाही, कुणाचा हात नाही. पाऊल, श्वास, पाऊल, श्वास. आता थोरली तिच्या श्वासावर चालली, मनात नाम घेत. पण चौदाव्याच्या चढावर थोरलीच्या पोटरीत गोळा आला. ती लंगडू लागली.

"थांबते मी," धाकटी म्हणाली.

"थांबलीस तर बघ! हे घड्याळ घे अन् जा."

"आणि तुम्ही?"

"मी येते मागनं. मला कुठं हरवायचंय? जा म्हणते ना!"

"ओरडू नका, आहे तेवढा दम जाईल," धाकटी म्हणाली. तिने घड्याळ मनगटावर चढवले आणि वळणाआड दिसेनाशी झाली.

उरलेली वाट थोरलीने वेळ न पाहता चालून, लंगडून, मध्येच धावून काढली. आजवर वाट पाहायची ती इतरांनी. पुढे गेलेल्या माणसासाठी जीव टांगणीला लागणे म्हणजे काय, हे तिला पहिल्यांदा कळले. पोचली की बसली? पोचली की बसली? प्रत्येक पाऊल तोच प्रश्न विचारी. कडेला कुणी बसलेले दिसले की ती वाकून चेहरा पाही.

ती पोचली तेव्हा कमानीची हवा सोडली जात होती. नवरा धावत आला.

"आली का ती?"

"कोण?"

"अहो, मस्करी काय करता! धाकटी!"

त्याने बोट दाखवले. पदपथावर बूट काढून, पाय पसरून धाकटी बसली होती, आणि तिच्या गळ्यात पदक होते.

"एक मिनिट बाकी होतं, ताई! मला उठवू नका, उठताच येत नाही. असं दुखतंय म्हणून सांगू!" आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला: तो बोगदा, ते टाळ्या वाजवणारे आजोबा, ती शेवटची उतरण.

थोरली तिच्याशेजारी बसली आणि रडू लागली.

"आता रडताय कशाला? पुढच्या खेपेला हिशेब मी करीन."

"आणि मी?"

"तुम्ही माझ्याबरोबर पळा. आणि तुमच्या चाळीस मिनिटं आधी मी इथं पोचले हे सगळ्यांना सांगत सुटा."

घरी जाताना जिन्याशी धाकटीच्या नवऱ्याने तिला हात पुढे केला, तेव्हा धाकटी म्हणाली, "ताईंना धरा. त्यांचा पाय दुखतोय." आणि ती कठडा धरून, कण्हत, हसत, एकटी वर गेली.

हे करुणासागरा, या थोरलीला पुढे जाण्याइतकेच मागे राहण्याचेही सुख असेच देत जा. धाकटीच्या श्वासाला आयुष्य दे. त्या शिवणाच्या खोलीत बोलणे कधी खुंटू नये, त्या घरात कुणी एकटे मागे पडू नये, आणि तिथल्या प्रत्येकाला आपापल्या गतीने तुझ्यापर्यंत पोचता यावे. कल्याणमस्तु.