लिंबाखालचा थांबा

वाळूजच्या वसाहतीत लिंबाखाली सकाळी सहाला कंपनीची बस येते आणि ती कुणाच्या बापासाठी थांबत नाही. रोज तिथं सगळ्यांच्या आधी हजर असते ती द्वारकाबाई, जी जन्मात कारखान्याची पायरी चढली नाही. "मावशी, तुमची कंची शिफ्ट?" कन्नड तालुक्यातली पोरं चेष्टा करतात. "माझी तिन्ही," म्हणून तीही हसते.

एकेकाळी हा थांबा तिच्या शेताचा बांध होता. सरकारनं कारखान्यांसाठी जमिनी घेतल्या, ज्वारीचं रान गेलं, विहीर बुजली आणि बघता बघता पत्र्याच्या खोल्या, खानावळी, दुकानं उभी राहिली. इथं कुणालाही गाव विचारा, तो दुसरंच सांगतो. दिवाळीला सगळे आपापल्या गावी पळतात. वस्ती ओस पडते, पण द्वारकाबाई कुठं जाणार? लिंबाखाली तिची पहिली लेक पुरलेली आहे, तीन महिन्यांची. तान्ह्या लेकराला अग्नी देत नाहीत. नवरा गेल्यापासून हे ठाऊक असलेलं दुसरं कुणी उरलं नव्हतं. मुलाला तिनं कधी सांगितलंच नाही. दुःख झाकून ठेवायची वाईट खोड होती तिला.

हा मुलगा, कारभारी, अठरा वर्षं याच बसनं कामावर जातो. बस चुकणं त्याला माहीत नाही. त्यानं शहरात, सिडकोत फ्लॅट घेतला आणि आईच्या मागं लकडा लावला. शनिवारी थांब्यावरही तेच.

"माय, उद्या सामान हलवायचंय. तू व्हय म्हण की! इथं आता आपलं काय हाय?"

"तुझी थोरली बहीण हाय," द्वारकाबाई म्हणाली. हातानं तिनं बुंध्याजवळची माती दाखवली. "असती तर दिवाळीला लेकरं घिऊन आली असती. मी बी गेले तर तिला माहेर कुठलं रं?"

तेवढ्यात बस आली. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला, पोरांनी खिडकीतून हाका मारल्या, आणि बस निघून गेली.

कारभारीनं बूट काढून बाजूला ठेवले आणि तो आईशेजारी मातीत बसला.

"नाव काय ठिवलं व्हतं, माय?"

"गोदावरी," ती म्हणाली. किती वर्षांनी तिनं ते नाव मोठ्यानं घेतलं होतं. मग पदरात तोंड घालून ती पोटभर रडली, आणि कारभारी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.