नोलीनला अपघात सापडला

नोलीन मॅकस्किमिंगला अपघात झाला होता की नाही, यावर न्यूझीलंडमधल्या टापानुई गावात तीन महिने वाद चालला. आणि जिचं म्हणणं शेवटी धरलं जाणार होतं ती, म्हणजे खुद्द नोलीन, ठामपणे नाही म्हणत होती.

नोलीन चौसष्ट वर्षांची. एकतीस वर्षं शाळेची बस चालवते. मी त्याच शाळेत शिकवते आणि माझी गाडी रुसली की तिच्या बसमध्ये पहिल्या बाकावर बसून येते. तिच्या खरेपणाची गावाला जरा धास्तीच आहे. एकदा नेटबॉलच्या अंतिम सामन्यात ती पंच होती. शेवटच्या मिनिटाला, चेंडू हातात असताना पाय हलला म्हणून, तिने स्वतःच्या पोरीविरुद्ध, जॅनेलविरुद्ध, शिट्टी फुंकली आणि आमचं गाव एका गोलने हरलं. घरी जाताना जॅनेल म्हणाली, "आई, माझा पाय हललाच नव्हता."

"हलला होता," नोलीन म्हणाली. "जेवायला काय करू?"

तर मार्चच्या सुरुवातीला या बाईचा डावा गुडघा टम्म फुगला. बस जुनी, गियरची. चढावर क्लच दाबताना पाय थरथरायला लागला, तशी तिने कोणी न सांगता किल्ल्या आणून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवल्या. "माझ्या पाठीमागे तेवीस पोरं बसतात," एवढंच म्हणाली आणि घरापर्यंत लंगडत चालत गेली.

एक्स-रेत काही दिसलं नाही. गावच्या दवाखान्यातल्या डॉ. टाऊ वयाने जॅनेलएवढ्या. त्या म्हणाल्या, "हाडं ठणठणीत आहेत. आतली गादी बघायला हवी. एमआरआय करावा लागेल. पडलात का कुठे मध्यंतरी?"

"नाही."

"पाय मुरगळला? शिडीवरून घसरलात?"

"नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "नीट आठवून बघा. अपघात असेल तर सरकारचा अपघात विमा पैसे भरतो. शहरातल्या खासगी केंद्रात पंधरा दिवसांत काम होतं. नुसती झीज असेल तर सरकारी इस्पितळाची रांग, सहा-सात महिने तरी. नाहीतर तुमच्या खिशातून चौदाशे डॉलर."

"गुडघा तोच ना?"

"गुडघा तोच."

"आणि यंत्र?"

"यंत्रही साधारण तसलंच."

नोलीनने बराच विचार केला. मग म्हणाली, "तरी पण मी पडले नाही."

तिचं नाव सरकारी रांगेत गेलं, आणि इकडे गावाने तिला पाडायचं मनावर घेतलं. कसाई डेस तिला सॉसेज बांधून देता देता म्हणाला, "अगं, मेंढ्यांच्या ट्रकवरून पडलीस की. मी डोळ्यांनी पाहिलं."

"ते अठ्ठ्याण्णव साल होतं, डेस. आणि गुडघा उजवा होता."

"एवढं कोण बघतंय?"

"मी बघतेय."

टपाल देणारी बाई म्हणाली, आमच्या कुत्र्याने तुला धक्का मारला होता असं लिही, मी साक्ष देते. नोलीनने सांगितलं, तुझा कुत्रा चौदा वर्षांचा आहे, त्याला धक्का मारता आला तर त्याचा सत्कार करू.

सगळ्यांत कहर केला तिच्यासोबत राहणाऱ्या थोरल्या बहिणीने, रेविनने. मी एका शनिवारी त्यांच्याकडे चहाला गेले होते. अंगणात पाहते तर पाण्याचा पाइप फाटकापासून पायरीपर्यंत नागमोडी पसरलेला आणि पायरीवर साबणाचं पाणी. नोलीन सगळं सावकाश ओलांडून आत आली.

"पाइप कशाला पसरलास गं, रेविन?"

"वाळत घातलाय."

"रेविन."

"मग काय करू? तू आपणहून पडत नाहीस. व्हरांड्यातून एक हलकासा धक्का देते. अगदी प्रेमाने. पडलीस की अपघात झालाच ना?"

"तू ठरवून ढकलणार, मी ठरवून पडणार. मग त्यात अपघात कुठे राहिला?"

रेविनने माझ्याकडे पाहिलं. "तू सांग, तू शिकलेली आहेस." मला चहाचा ठसकाच लागला. हसावं की खोकावं कळेना. दोघी बहिणी माझ्या पाठीत थापट्या मारत होत्या आणि मारता मारता भांडत होत्या.

पण हसण्यामागे एक गोष्ट होती. बदली चालक पोरं वेळेवर आणायचा, पण त्याला पोरांची नावं येत नव्हती. नोलीन रोज सकाळी पावणेआठला खिडकीशी उभी राहून बस जाताना पाहायची. हे मला रेविननेच सांगितलं, पाइप गुंडाळता गुंडाळता.

जून आला. दव गोठायला लागलं. शाळेच्या वार्षिक अंकासाठी मी फोनमधले फोटो आणि फिल्म्स चाळत होते. फेब्रुवारीत नेटबॉल क्लबला पन्नास वर्षं झाली म्हणून गावच्या हॉलमध्ये भर दुपारी जेवण आणि नाच झाला होता. त्यातली एक फिल्म लावली. नोलीन मधोमध, हात वर, रंगात आलेली. कडेच्या टेबलावरून कुणाच्या तरी कोपराने पॅव्हलोवाची अख्खी थाळी घरंगळली. तो फेसाळ केक, त्यावरची मलई, किवीच्या चकत्या, सगळं फरशीवर. नोलीनने गिरकी घेतली, डावा पाय नेमका मलईत पडला, गुडघा एका दिशेला गेला आणि बाई दुसऱ्या. ती टेबलामागे दिसेनाशी झाली.

मी खुर्चीतून उठले.

फिल्म पुढे चालूच होती. टेबलामागून आधी एक हात वर आला, हातात शिट्टी. तिने स्वतःलाच फाउल दिला. मग ती उठली, स्कर्टला मलई लागलेली, हसून हसून लाल झालेली. आणि त्याच क्षणी हॉलचं दार उघडलं. दारात पर्थहून कोणालाही न सांगता आलेली जॅनेल. सहा वर्षांनी. सगळा हॉल वळला. नोलीन पळत सुटली, त्याच गुडघ्यावर, वाटेतल्या दोन खुर्च्या उलथवत.

हे कुणाला का आठवलं नाही, ते मला तेव्हा कळलं. मी स्वतः तिथे होते. मलाही फक्त दारच आठवत होतं.

मी फोन घेऊन तशीच तिच्या घरी गेले. नोलीनने फिल्म अकरा वेळा पाहिली. पहिल्या वेळी जॅनेल पाहिली, मग पाच वेळा पाय पाहिला.

"डावाच आहे," ती म्हणाली.

"डावाच," रेविन म्हणाली.

"दोन दिवसांनी ठणकला होता खरा. मला वाटलं, नाचल्यामुळे." तिने पुन्हा फिल्म लावली. शिट्टीचा हात वर आला आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. रेविन सोफ्यावर आडवी झाली. मी जमिनीवर बसले. नोलीनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती म्हणत होती, "मी पडले, रेविन. मी खरंच पडले." लॉटरी लागलेलं माणूस इतकं खूश होत नाही.

डॉ. टाऊंसमोर मात्र तिने आधी स्पष्ट केलं. "मला आठवत नाही. आठवतं असं मी म्हणणार नाही. फिल्ममध्ये दिसतं, एवढंच."

डॉक्टरांनी पाहिलं. त्या इतक्या हसल्या की नर्स दार ढकलून आत आली आणि तिलाही दाखवावं लागलं. "अपघात कसा झाला" या रकान्यात डॉक्टरांनी लिहिलं, 'नाचताना पॅव्हलोवावरून घसरून पडल्या.' चारच दिवसांत मंजुरीचा निरोप नोलीनच्या फोनवर आला. तो तिने डेसला दाखवला, टपालवालीला दाखवला. कुत्र्यालाही वाचून दाखवला असं टपालवाली सांगते.

दुसऱ्या आठवड्यात मी तिला शहरात घेऊन गेले. खासगी केंद्र, मऊ खुर्च्या, भांड्यात सुटे पेपरमिंट. नोलीनने काउंटरवर तीनदा विचारलं, "माझ्याकडून काय द्यायचं?" आणि तीनदा उत्तर आलं, "काहीच नाही." चौथ्यांदा विचारणार तेवढ्यात मी तिला ओढून बसवलं.

शेजारी गार्थ नावाचे सत्तरीचे गृहस्थ बसले होते. कमरेने वाकलेले. "तुझं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"नाचताना पडले. केकवर."

ते मनापासून हसले. मग म्हणाले, "मी मांसाच्या कारखान्यात चाळीस वर्षं उभा राहिलो. एकदा तरी पडायला हवं होतं." माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी चौदाशे डॉलर भरले. बोटीची मोटर विकून आणले होते. सरकारी रांगेत पाच महिने झाले होते, झोप लागत नव्हती, म्हणून.

नोलीनने पेपरमिंट तोंडात टाकलं होतं, ते तसंच राहिलं.

तिला आत नेलं. काचेपलीकडून यंत्र चालवणारी मुलगी मला नंतर सांगत होती: यंत्राची धडधड सुरू झाली, तो ठेका नेमका हॉलमधल्या नाचासारखा निघाला, आणि बाईंचं पोट गदगदायला लागलं. मुलगी माइकवरून म्हणाली, "नोलीन, तुम्ही हलताय."

"गुडघा हलतोय का?"

"गुडघा नाही."

"मग बाकीच्या अंगाला हसू दे."

गादी फाटली होती, चांगली उभी. परतताना ती म्हणाली, "गार्थ उभा राहिला, ही काय त्याची चूक झाली?" तिने निघताना गार्थचा नंबर घेतला होता. घरी पोचल्यावर कोट न काढताच तिने त्याला फोन लावला. ती दर रविवारी लावते. त्याच्या कण्यात मणका सरकलेला निघाला. शस्त्रक्रियेची तारीख डिसेंबरची लागली आहे, आणि त्याला घेऊन जायला कोणी नाही म्हणून नोलीनने त्या दिवसाची रजा आत्ताच टाकलीय.

तिची स्वतःची शस्त्रक्रिया ऑगस्टमध्ये झाली. दोन बारीक भोकं, संध्याकाळी घरी. ऑक्टोबरमध्ये सुट्टी संपून शाळा उघडली त्या सोमवारी मी मुद्दाम माझी गाडी घरी ठेवली. प्रत्येक थांब्यावर आई-बाप गाऊनवर, गमबुटांत, हातात चहाचा मग घेऊन उभे. कोणी गुडघा दाखव म्हणे, कोणी नाचून दाखव म्हणे. एकतीस वर्षांत पहिल्यांदा बस अकरा मिनिटं उशिरा पोचली. मुख्याध्यापक म्हणाले, जाऊ दे, रस्त्यात मेंढ्या होत्या असं लिहू.

नोलीनने त्यांच्या हातून नोंदवही घेतली आणि कारणाच्या जागी लिहिलं, 'चालक गप्पा मारत बसली.'