टिटवी ओरडली तेव्हा

त्या वर्षी श्रावणात मुलीला ताप आला आणि तो डोक्यात गेला. चार वर्षांची होती. जीव वाचला, पण पुण्याच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही कान गेले, आता येणार नाहीत. बहिऱ्या मुलांच्या शाळेत जितक्या लवकर घालाल तितकं बरं. शाळा पुण्यात, मुलांनी तिथंच राहायचं. माझा राग कायम नाकावर. मी डॉक्टरांच्या तोंडावर म्हणालो, "तुमची तपासणी चुकलीय." बायको खाली मान घालून बसली होती.

लोणावळ्यात आमचं बिऱ्हाड अगदी रुळांना लागून होतं. बायको म्हणायची, "अहो, गाडीचा एवढा भोंगा वाजतो, तरी ती कूससुद्धा बदलत नाही." मी उसळायचो, "लोणावळ्यातलं कुठलं पोर भोंग्यानं उठतं? तू तरी उठतेस का?" बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशी ही माझी काडी.

पाऊस सरला, माळावर सोनकी पिवळी फुलली, तसा मी मुलीला घेऊन कुसगावच्या बाजूला फिरायला जाऊ लागलो. माझ्याकडे एक डबा कॅमेरा होता. पोटाशी धरायचा आणि वरून वाकून काचेत बघायचं. त्यात पक्षी दिसायचा डाळीतल्या खड्याएवढा. तरी पक्ष्यांचे फोटो काढायचा छंद जुना होता, आणि आता मी त्याला कामाला लावलं. पक्षी ओरडला की मुलगी वळते का, एवढंच मला बघायचं होतं.

आणि ती वळायची! कोतवाल ओरडला की हिची मान वर. खंड्या ओढ्यावरून किंचाळत गेला की हिचं बोट तिकडे. किडे तर तीच मला दाखवायची. वाळल्या गवतातला नाकतोडा, पानामागचा पानासारखाच हिरवा किडा, मला जन्मात दिसले नसते. घरी येऊन मी सांगायचो, "आजही वळली." बायको पोळ्या लाटत राहायची. मला तिचा भयंकर राग यायचा. आईनंच आशा सोडली तर पोरीनं कुणाकडे बघायचं?

पण एक गोष्ट मला आतून पोखरत होती. मुलीचे शब्द झडत चालले होते. आधी ती स्वच्छ 'खंड्या' म्हणायची. दसऱ्यापर्यंत त्याचं 'खंया' झालं, मग नुसतं 'अंया'. 'पाणी'चं 'पाई' झालं. मी प्रत्येक शब्द तिच्या कानाशी मोठ्यानं म्हणायचो, मग आणखी मोठ्यानं, घसा बसेपर्यंत. माळावर हा कोण वेडा ओरडतोय म्हणून गुराखी थांबून बघायचे. मी कधी नवस न बोललेला माणूस. त्या दिवसांत वाटेतल्या प्रत्येक शेंदूर फासलेल्या दगडाला म्हणत होतो, एक शब्द तरी राहू दे रे.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. वाडीवरच्या एक मावशी बांधावर गवत कापत होत्या. मुलीनं त्यांना विळ्याजवळचा नाकतोडा बोटानं दाखवला. त्या हसून म्हणाल्या, "लय बारीक नजर हाय पोरीची. मला बी न्हाई दिसला."

मला भरून आलं. दोघींचा फोटो काढावा म्हणून मी कॅमेरा पोटाशी धरला आणि मान खाली घातली. तेवढ्यात त्यांच्या मागच्या गवतातून टिटवी उठली आणि असा कल्ला करत डोक्यावरून गेली की माझा हात दचकला, खटका दाबला गेला.

"जळू दे हिचं त्वांड!" मावशी म्हणाल्या.

बाजारातल्या स्टुडिओतून फोटो आले. बायकोसमोरच मी पाकीट उघडलं. वरच्या कोपऱ्यात टिटवी, पुसट. मावशींची मान वर, विळा धरलेला हात कपाळाशी. शेजारी मुलगी. तिनं वर पाहिलं नव्हतं, मागेही नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, जिथं माझा चेहरा असायचा तिथं. आणि तिथं त्या वेळी नुसती माझी टाळू होती.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पक्षी ओरडला की आधी माझा चेहरा बदलायचा, मी वळायचो. माझे डोळे जातील तिकडे तिचे जायचे. माझी मान खाली गेली आणि तिला सांगणारं कुणी उरलं नाही.

"मला माहीत होतं," बायको म्हणाली. "तुमच्या लक्षात यायची वाट बघत होते."

मी ओट्यापाशी मटकन बसलो आणि गळा काढून रडलो. मुलगी दारात आमच्याकडे पाठ करून खेळत होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. शेवटी मीच उठून तिच्या पुढ्यात जाऊन बसलो. तिनं माझा चेहरा पाहिला आणि कुठला पक्षी आला म्हणून ती वर आभाळात शोधू लागली.