मन्मथप्पांच्या कॉम्प्युटरचं खोटं नाव

२००७ साली बीडमध्ये जेवढे सायबर कॅफे होते त्या सगळ्यांत विंडोज चोरीचं होतं, आणि ते चोरीचं आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. अपवाद एकच, मन्मथप्पांचा. कपाळावर विभूतीचे तीन ठळक पट्टे ओढल्याशिवाय हा माणूस कीबोर्डला हात लावायचा नाही आणि पावती नसलेला माल दुकानात ठेवायचा नाही. म्हणून त्यांच्या चारही कॉम्प्युटरवर लिनक्स. ते फुकट मिळतं, कुणाचं चोरावं लागत नाही, हे गिऱ्हाइकाला खुर्चीत बसायच्या आधीच ऐकावं लागे. वडिलांच्या कापडदुकानातली ‘एकच भाव’ ही पाटीही त्यांनी भिंतीवर लावली होती. गिऱ्हाईक ती वाचायचं आणि समोर बंकटच्या कॅफेत जायचं.

मीही बंकटकडेच निघाले होते. नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. फॉर्म हुकला की वर्ष गेलं, आणि तिकडे गावी, पालीत, माझ्यासाठी स्थळं बघणं सुरूच होतं. पण भारनियमनात बंकटच्या बाजूची वीज सहापर्यंत गेलेली. आप्पांच्या बाजूला होती, म्हणून नाइलाजाने तिथे शिरले.

साइटवर इंग्रजीत एक चौकट आली. आप्पांनी वाचून सांगितलं, की ही फक्त विंडोजवर आणि त्यातही इंटरनेट एक्स्प्लोररच्या सहाव्या आवृत्तीतच उघडते.

“म्हंजे ज्यांनी चोरलं त्यांना आत घेतेत, अन् आमी भाईर!”

“दुसरा रस्ता न्हाई का, आप्पा?”

“हाय,” म्हणाले आणि कीबोर्ड पुसायला लागले. खोदून विचारल्यावर कळलं, की ब्राउझर प्रत्येक साइटला दारातच आपलं नाव सांगतो आणि एका सेटिंगमध्ये ते नाव बदलता येतं. “पर ते खोटं नाव झालं. आमच्या दुकानात खोटं चालत न्हाई.”

सव्वाचार वाजले होते. माझं डोकंच फिरलं.

“तुमचं खरं तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या, आप्पा! माझ्या जागी तुमची शिवगंगा असती तर?” शिवगंगा ही त्यांची मुलगी, तेव्हा बारावीला होती.

खुर्चीवर चढून आप्पांनी ‘एकच भाव’ची पाटी भिंतीकडे तोंड करून लावली, खाली उतरले आणि खोटं नाव टाईप करायला लागले. एका बोटाने, अगदी सावकाश, एखादं अक्षर चुकलं तर बरंच अशा बेताने.

साइट उघडली. फोटो, सही, मार्कमेमो, सगळं चढलं, कुठेही अडलं नाही. मला वाटलं आप्पा खूश होतील. ते कॉम्प्युटरवरच भडकले.

“समदं चालतंय की बे! मग अडवलं कावून? नुसतं नाव इचारून हाकलीत होते? पंगतीत बसायच्या आधी आडनाव इचारल्यावानी!”

पाचला दहा मिनिटं असताना फॉर्म गेला. मी सुटले म्हणतेय तोवर आप्पा कोरा कागद घेऊन बसले. ‘मी आपल्या साइटवर खोट्या नावाने शिरलो. मुलीचा दोष नाही, शिक्षा मला व्हावी.’ थेट प्रवेशाच्या कार्यालयाला कबुली! मी हातापाया पडले, पण ऐकतील तर ते आप्पा कसले. दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टानं पत्र रवाना झालं. फॉर्म रद्द होणार या धास्तीत माझा महिना गेला, आणि त्या महिन्यात मी त्यांना मनातल्या मनात जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या कुणालाच घातल्या नाहीत.

यादीत नाव लागलं. पेढे घेऊन गेले, तर आप्पा नुकतेच त्याच कार्यालयातून परतलेले. पत्र वाचून साहेबांनी बोलावून घेतलं होतं म्हणे.

“काय म्हनले साहेब?”

“म्हनतेत काय! आत नेलं, च्या पाजला, दार लावलं. म्हनले, नवे कॉम्प्युटर आलेत, त्यात एक्स्प्लोररची सातवी आवृत्ती हाय, अन् साइट सहावीच मागती. आमचीच साइट आमाला उघडंना. तुमाला नाव बदलता येतंय, तेवढं आमचंबी बदलून द्या.”

“मग दिलं?”

आप्पा माझ्यावरच डाफरले.

“कावून देऊ? तोंडावर सांगितलं साहेबाला. जल्मात एकदाच खोटं बोललो, ते पालीच्या एका पोरीसाठी. सरकारसाठी न्हाई बोलणार.”