भाऊजींनी सांगितलं, थांब

आमच्या लॉन्ड्रीत तिला सगळे कडक म्हणायचे. तिने इस्त्री केलेली कॉलर ताठ उभी राहायची आणि तीही कुणाचं ऐकून घ्यायची नाही. फक्त सुपरवायझरपुढे नरम, कारण तो तिचा थोरला दीर. नवरा गेल्यावर त्यानेच तिला कामाला लावलं. "भाऊजी आहेत म्हणून मी आहे," हे ऐकून माझे कान किटले होते.

वाफेच्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दाबली तरच झाकण खाली येतं, म्हणजे हात आत सापडत नाही. काम पटापट उरकावं म्हणून भाऊजींनी एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलं होतं. एका दुपारी चादरीची चुणी सरळ करताना तिचा डावा हात दुसऱ्या बटणावर पडला आणि उजवा आतच राहिला. संध्याकाळपर्यंत चिकटपट्टी गायब.

पुढे भाऊजींनी तिला जपलं, हे खरं. दर ड्रेसिंगला स्वतः स्कूटरवरून न्यायचे, घरी हाताची पट्टीही तेच बदलायचे. भरपाईचा दावा लावते म्हटलं की म्हणायचे, "आधी कातडी भरू दे. शेवटचं ऑपरेशन झालं की नुकसान नीट कळेल." मी म्हटलं, बये, वकिलाला विचार तरी. तर माझ्यावरच उखडली, "तुझ्या पोटात का दुखतंय?"

शेवटचं ऑपरेशन झालं, तरी मूठ वळेना. "आता खुशाल जा," म्हणत भाऊजींनीच आम्हाला वकीलबाईंच्या दारात सोडलं.

"मुदत अपघाताच्या दिवसापासून मोजतात, जखम भरल्यापासून नाही," बाई म्हणाल्या. "ती गेल्या महिन्यात संपली. पण तुमचे दीर तर अपघाताच्याच आठवड्यात येऊन विचारून गेले होते. मला वाटलं, तुमच्यासाठीच विचारतायत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती मात्र सरळ जिना उतरली.

खाली भाऊजी उभे होते. सवयीप्रमाणे तिच्या हेल्मेटचा पट्टा लावायला पुढे झाले, कारण तिच्या बोटांनी तो लागत नाही. ती मागे सरकली.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"माझी नोकरी गेली असती गं," ते खाली बघत म्हणाले.

तिने हेल्मेट त्यांच्या हातात ठेवलं. आम्ही चालत निघालो. मी त्यांना वाट्टेल ते बोलत होते, ती ऐकत होती. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "त्यांच्याइतक्या हळुवारपणे पट्टी तर नर्सनेही कधी सोडवली नाही गं."