आईचा डावा तळहात

द्राक्षाच्या मांडवाखाली थिनिंग, म्हणजे घडाची विरळणी करताना डावा हात उताणा धरावा लागतो. घड डोक्याच्या वर लोंबत असतो. तो डाव्या तळहातावर अलगद घ्यायचा आणि उजव्या हातातल्या बारीक कात्रीने दाटीतले मणी काढायचे. कात्रीचं टोक शेजारच्या मण्याला लागू द्यायचं नाही. लागलं तर मण्यावर डाग राहतो आणि तो घड परदेशी जाणाऱ्या मालात बसत नाही. हे मी कुठे वाचून लिहीत नाही. शाळेत असताना हंगामात चार-पाच रविवार तरी मी आईबरोबर जायची. माझे घड आई पुन्हा बघायची आणि काही न बोलता त्यातले आणखी मणी काढायची.

आमच्या निफाड तालुक्यात बायकांच्या टोळ्या बागेचं काम उक्तं घेतात. आईच्या टोळीत बारा-तेरा बायका होत्या. ओळी वाटताना बागायतदार स्वतः सांगायचे की रस्त्याकडची, कडेची ओळ आईला द्या. व्यापारी बाग बघायला आला की गाडीतून उतरून आधी तीच ओळ बघतो. आईला याचा अभिमान होता. तिने तो कधी बोलून दाखवला नाही, पण कडेची ओळ दुसऱ्या कुणाला गेली तर त्या दिवशी ती घरी जरा कमी बोलायची.

अपघात झाला तेव्हा मी नाशिकला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, रोज एसटीने जाऊन-येऊन. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील रोज मोटारसायकलवरून आईला बागेतून घरी आणायचे. त्या दिवशी सायखेड्याच्या रस्त्यावर समोरून आलेली पिकअप इंडिकेटर न देता एकदम उजवीकडे वळली. वडील बाजूच्या मातीत पडले, त्यांचे गुडघे फुटले. मागे बसलेली आई डांबरावर पडली, आणि पडताना तिने डावा हात टेकवला. मनगटाच्या वरची दोन्ही हाडं मोडली. वडिलांनी नंतर कित्येक महिने ती मोटारसायकल चालवली नाही. घराच्या मागे प्लास्टिकखाली झाकून ठेवली होती.

ऑपरेशन नाशिकला झालं. हाडांना स्टीलची पट्टी आणि स्क्रू बसवले, वर प्लास्टर. त्यानंतर दर काही आठवड्यांनी तपासणीला जावं लागे आणि आईबरोबर मी जात असे. डॉक्टर तरुण होते, चांगले होते, पण बाहेर पेशंटची रांग असायची. ते केसपेपरवर मान खाली घालून विचारायचे, कसं आहे आता? आई त्यांच्याशी बोलायची नाही. माझ्याकडे वळून हळूच म्हणायची, "बरं हाय म्हणावं."

मी म्हटलं, "सर, शी इज मच बेटर."

वर्गाबाहेर मी बोललेलं हे पहिलं इंग्रजी वाक्य. समोरच्या माणसाला ते कळलं आणि त्याने ते लिहूनही घेतलं. बाहेर आल्यावर आईने चहाच्या टपरीवर थांबलेल्या वडिलांना सांगितलं की पोरगी डॉक्टरशी इंग्रजीत बोलली. वडिलांनी ते गावात किती जणांना सांगितलं असेल, याचा हिशोब नाही. मग मी पुढच्या वेळेसाठी एसटीत बसूनच वाक्य तयार करायला लागले. आई म्हणायची की काही तक्रार नाही, मी म्हणायची, "नो कंप्लेंट्स, सर." तिसऱ्या वेळी मी सांगितलं की ती घरातलं सगळं काम करते. तेही मी बरोबर काळात, बरोबर क्रियापद वापरून सांगितलं.

पण घरी वेगळं दिसत होतं. प्लास्टर निघून बरेच महिने झाले तरी आईचा डावा तळहात वर वळत नव्हता. मूठ बंद व्हायची, घागर उचलता यायची, पीठ मळता यायचं. फक्त तळहात उताणा होत नव्हता. अर्ध्यावर येऊन हात करंगळीच्या कडेवर उभा राहायचा, जसा आपण हस्तांदोलनाला पुढे करतो तसा. डाव्या हातात काही घ्यायचं झालं तर आई खांदा वाकवायची, मग कंबर, आणि सगळं अंग वळवून तळहात कसाबसा वर आणायची. मी ते रोज बघत होते. तरी डॉक्टरांसमोर गेल्यावर आई जे सांगायची तेच मी सांगायची. हे मला आज विचित्र वाटतं, तेव्हा वाटलं नाही. आमच्याकडे कुणी कसं आहे विचारलं तर बरं आहे म्हणतात. त्याला दुसरं उत्तर असतं हे मला माहीतच नव्हतं.

पुढच्या हंगामात आई टोळीबरोबर गेली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती ओट्यावर बसून पायावर पाणी घेत होती. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "मधली ओळ दिली." आठवड्याभरात मधली ओळही गेली. मग ती बायकांना पाणी द्यायची आणि खाली पडलेले मणी गोळा करायची.

नुकसानभरपाईचा दावा आम्ही त्यानंतर लावला. निफाडच्या एक वकील मॅडम होत्या, त्यांनी कागद बघून सांगितलं की चूक पिकअपवाल्याची आहे हे पोलिसांच्या पंचनाम्यात स्पष्ट आहे, त्यात अडचण नाही. अडचण पुढे आली. पिकअपच्या विमा कंपनीने लेखी उत्तर दिलं की हात पूर्ण बरा झाला आहे, आणि शेतमजुरीचं काम काय, कोणत्याही हाताने होतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आईचा हात मोजून दाखला दिला होता की मनगट फिरत नाही. पण मॅडम ऑपरेशनच्या दवाखान्याचे केसपेपर चाळत होत्या, त्या एका पानावर थांबल्या. त्यांनी विचारलं, हे डॉक्टरांना कुणी सांगितलं?

तिथे इंग्रजीत लिहिलं होतं की मुलीने सांगितल्याप्रमाणे रुग्ण पुष्कळ बरी आहे. पुढच्या पानावर, काही तक्रार नाही. त्याच्या पुढच्या पानावर, घरातलं सगळं काम करते. माझी तिन्ही वाक्यं होती. एकातही चूक नव्हती.

मी घरी येऊन आईला म्हटलं की माझ्यामुळे केस जाणार. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "तू काय तुझ्या मनचं बोलली का?" आणि पुन्हा मेथीकडे वळली. मला त्याने बरं वाटलं नाही. मी शिकलेली होते. काय सांगायचं आणि काय नाही हे तिला कळलं नसेल, मला कळायला हवं होतं.

नातेवाइकांकडून सल्ले येत होते. एक काका म्हणाले, कोर्टात हात गळ्यात बांधून जा, ग्लास उचलत नाही म्हणून सांग. आई म्हणाली, "ग्लास उचलतो की." काका म्हणाले, मग बसा.

साक्षीच्या दिवशी तिने लग्नाकार्यातली हिरवी साडी नेसली. हात गळ्यात बांधला नाही. कोर्टात आम्ही मागच्या बाकावर, वडील आणि मी. कंपनीचे वकील वयस्कर होते आणि आवाज न चढवता बोलायचे. ते आईला मावशी म्हणत होते.

"मावशी, दवाखान्यात तुम्हाला काही त्रास नाही असं सांगितलं होतं, बरोबर?"

"हो."

"घरातलं सगळं काम करता, असंही सांगितलं होतं."

"हो."

"मग खरं कोणतं? तेव्हाचं की आताचं?"

मला वाटलं, संपलं. मी खाली माझ्या चपलांकडे बघत राहिले. मग तिचा आवाज आला. मांडवाखाली शेजारच्या ओळीतल्या बाईशी बोलावं तसा साधा आवाज होता.

"साहेब, त्या डॉक्टरांनी माझं हाड जोडलं. माणसानं एवढं केल्यावर त्याच्या तोंडावर, नाय बरं, असं कसं म्हणायचं? मी पोरीला म्हणलं, बरं हाय सांग. तिनं तेच सांगितलं. पोरगी खोटं बोलली नाय. हाड बरंच हाय. हात वळत नाय."

न्यायाधीशांनी विचारलं की वळत नाही म्हणजे नक्की काय होतं. आईने आधी आमच्या मॅडमकडे बघितलं, मग न्यायाधीशांना विचारलं, "दाखवू का?"

तिने दोन्ही हात डोक्याच्या वर नेले. मान मागे टाकली. त्या खोलीत छत होतं, पंखा होता, पण मला तिच्या डोक्यावर पानं दिसली. उजव्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी झाली. डावा हात वर गेला आणि अर्ध्यावर कडेवर उभा राहिला. तिने खांदा वाकवला, कंबर वळवली, तरी तळहात उताणा झाला नाही.

"हात असा उभा राहिला की घड घसरतो," ती म्हणाली. "घड घसरला की कात्री लागती. कात्री लागली की डाग. म्हणून मला कडेची ओळ देत नायत."

न्यायाधीशांनी विचारलं, कडेची ओळ म्हणजे काय? मग आईने त्यांना सांगितलं. व्यापारी कुठून येतो, आधी काय बघतो, घड कसा मोकळा ठेवायचा, किती मणी ठेवायचे, घडाच्या वरच्या खांद्याचे कुठले काढायचे आणि शेंड्याचे कुठले. टाइप करणारा माणूस मधेच थांबून ऐकायला लागला, तेव्हा न्यायाधीशांनी त्याला लिहा म्हणून सांगितलं. इतकं सलग बोलताना मी आईला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. घरी तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

कंपनीच्या वकिलांनी शेवटचा प्रश्न विचारला. "पण मावशी, हे काम कुणीही शिकू शकतं ना?"

"शिकता येतं की," आई म्हणाली. मागे वळून तिने माझ्याकडे बोट केलं. "या पोरीला चार वर्षं शिकवलं. कॉलेजात जाती, इंग्रजी बोलती. पण घड काय तिला जमला नाय."

सगळे हसले. ते वकीलही हसले. वडील हसले आणि त्यांनी लगेच डोळे पुसले. भरल्या खोलीत लोक माझ्यावर हसण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि माझी मान त्याआधी एवढी ताठ कधी झाली नव्हती. एवढ्या लोकांसमोर माझ्या आईने सिद्ध केलं होतं की तिला जे येतं ते मला येत नाही.

निकालाला आणखी काही महिने गेले. आम्ही मागितलं होतं तेवढं सगळं मिळालं नाही, पण दावा मान्य झाला. मॅडमनी निकालाची प्रत दिली. ती इंग्रजीत होती. मी ती एसटीत उघडली नाही. घरी आल्यावर शब्दकोश घेऊन बसले आणि प्रत्येक वाक्य दोनदा वाचलं. या वेळी मला घाईने बरं आहे असं काहीच सांगायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. टोळीतल्या तीन-चार बायका दुपारी घरी आल्या. आई ओट्यावर बसली होती. कंपनीने काय म्हटलं, पैसे कधी येणार, हे त्यांनी आधी विचारलं. आईने विचारलं, "कडेची ओळ लिहिली का त्यात?"

मी पानं उलटली. सातव्या पानावर होती. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की अर्जदार बाई ज्या ओळीचं काम करत होत्या ती रस्त्याकडची ओळ सर्वांत कसबी मजुराला दिली जाते, हे काम साधी मजुरी नसून कौशल्याचं आहे, आणि डावा तळहात वळत नसल्यामुळे ते काम त्या आता करू शकत नाहीत.

मी मराठीत सांगायला लागले तेव्हा आईने मला थांबवलं.

"आधी इंग्रजीत वाच," ती म्हणाली. "मग मराठीत."

मी वाचलं. बायकांना कळत नव्हतं, आईलाही कळत नव्हतं. पण आई शेवटपर्यंत ऐकत होती. तिचा डावा हात मांडीवर होता, नेहमीसारखा कडेवर उभा, आणि तो लपवायला तिने त्यावर पदर ओढला नव्हता.