नानांनी बिघडवलेला फोटो

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास धुळ्यात आमच्या गल्लीत शिरला, की माझी नजर भिंतीवरच्या एका बिघडलेल्या फोटोकडे जाते.

शिरपूरजवळ माझ्या काकांचं, नानांचं शेत होतं. अमावास्येची रात्र, आणि दुसऱ्या दिवशी माझी रजा संपत होती. ध्रुवाभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या कमानी मला एका फोटोत पकडायच्या होत्या. त्यासाठी कॅमेऱ्याचं शटर दोन तास उघडं ठेवून मी काळोखात बसलो होतो. मोबाइलसुद्धा बंद केला होता. शेवटची वीस मिनिटं उरली असताना भपकन उजेड झाला. नानांनी कॅमेऱ्यासमोरच काड्यांचा ढीग पेटवला होता आणि ते उपरण्यात बांधून आणलेली वांगी सोडत होते.

"नाना, उजेड नको! सगळं गेलं!" मी ओरडलो.

"अंधारामा एकलाच बशेल शेस, थंडीबी कितली शे," ते शांतपणे म्हणाले. "चांदण्या काय पळी जातीन का? पहिले भरीत खाई ले."

मी फुगून जेवलो. भरीत झकास झालं होतं, पण तेवढंही त्यांना सांगितलं नाही.

फोटोत वर ताऱ्यांच्या कमानी आहेत, खाली नारिंगी डाग, आणि त्या डागावर वाकलेले नाना. आता ते नाहीत. स्वच्छ फोटो नंतर पुष्कळ मिळाले. तरी दर हिवाळ्यात मी त्या शेतात कॅमेरा लावतो, शटर उघडतो, आणि थोड्या वेळानं स्वतःच काड्या पेटवतो.